शाळा कोणती चांगली ? : आपल्या तालुक्यातील हायस्कुलांचा थोडासा इतिहास

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढावयाची ठरली, तेव्हा कार्यवाह भगिनी माझ्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "बाई, आपल्या भागातल्या शिक्षणाविषयी तुम्ही काहीतरी लिहून द्याच." मी लेखिका नव्हे. माझा सारा जन्म जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून बाराखडी गिरवून घेण्यात आणि पाढे म्हणवून घेण्यात गेला. तेव्हा नम्रपणे नकार द्यावा, असेच मनात होते. परंतु त्याच सुमारास एक लहानसा प्रसंग घडला आणि हा लेख लिहिणे मला भाग पडले.

मे महिन्याच्या अखेरीस मंडळाची बैठक आटोपून आम्ही सतरंज्या गुंडाळीत होतो. शिवणवर्गाला येणारी एक भगिनी मागे रेंगाळली. तिची मुलगी सातवी पास झालेली. वाडीवरची शाळा सातवीपर्यंतच, म्हणजे आठवीला मुलीला बाहेर घालणे आले. ती म्हणाली, "बाई, हिला आता कोणत्या शाळेत घालू? तुम्ही सांगाल तिथं घालते."

प्रश्न अगदी साधा. पण तो ऐकून मला क्षणभर काही सुचेना. कारण वीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न याच भगिनीच्या आईने मला विचारला होता. तेव्हा मी चटकन उत्तर दिले होते आणि ते चुकले होते. ते कसे चुकले हे मी पुढे सांगणार आहे. या खेपेस मात्र घाई करावयाची नाही असे ठरवून मी तिच्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली. त्या आठ दिवसांत आपल्या भागातील हायस्कुले कशी आली, कोणी आणली आणि कोणासाठी आणली याचा मनाशी जो आढावा घेतला, तोच येथे भगिनींपुढे ठेवीत आहे.

नगरची वाट

आज ज्या शहराला आपण अहिल्यानगर म्हणतो, ते आमच्या पिढीच्या तोंडी नुसते 'नगर'. आपल्या तालुक्यापुरते बोलावयाचे तर शिक्षणाची वाट पुष्कळ काळ नगरास जात होती, आणि नगरच्या वाटेवरचे पहिले मोठे नाव एका स्त्रीचे आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार या बाई १८२७ च्या अखेरीस मुंबईस उतरल्या आणि १८३९ साली नगरास आल्या. १८६२ साली त्यांचा अंत झाला तोही नगरासच. मुली शिकविण्याचे काम त्यांनी येथे चालविले. जोतीराव फुल्यांनी नगरास येऊन त्यांची शाळा पाहिली होती. पुढे १८४८ साली पुण्यास भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली हे आपण सर्व जाणतोच. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले ते नगरास, या फरारबाईंकडे. आपल्या जिल्ह्याने ही गोष्ट अभिमानाने सांगावी अशी आहे.

मिशनच्या शाळांची तुलना पुढच्या शाळांशी करताना एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. इतरांनी ज्यांना दाराशी उभे केले नसते, त्या मुली आणि त्या अस्पृश्य मानलेल्या घरांतील मुले मिशनने आत घेतली. मुले बाटतील या भीतीने पुष्कळ घरांनी तिकडे पाठ फिरविली हेही तितकेच खरे. दार उघडे होते, पण त्या दारातून जाण्याची भीती वाटे. शिवाय ते दार नगरात होते. पारनेरच्या पठारावरून नगर वीस-पंचवीस मैल, आणि बैलगाडीच्या काळात एवढे अंतर म्हणजे मुलीच्या दृष्टीने परमुलूखच.

नगरात हे चालले असता आपल्या खेड्यापाड्यांत काय स्थिती होती? १८७५ सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा झाला. हे सुपे भीमथडी तालुक्यातले, आपल्या तालुक्यातले नव्हे. परंतु दंग्याचे लोण नगर जिल्ह्यातही आले, आणि ज्या तालुक्यांत ते आले त्यांत पारनेर होते. इतिहासाच्या पुस्तकांत या प्रकरणाला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. त्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकाराच्या जिवावर क्वचितच हात टाकला. त्यांनी मागितले ते कागद, म्हणजे कर्जरोखे, गहाणखते आणि चोपड्या. ते हाती पडताच त्यांनी जाळून टाकले. ज्या कागदाने जमीन गेली, त्या कागदावर काय लिहिले आहे हे अंगठा उठविणाऱ्याला वाचता येत नव्हते. पुढे १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी निराळा कायदा करावा लागला, आणि अडाणी कुळाचा दस्तऐवज सरकारी माणसासमोर नोंदवून घेण्याची व्यवस्था त्यात ठेवावी लागली. शाळेची किंमत काय, हे आपल्या तालुक्याला कळले ते अशा रीतीने, जाळ करून.

नंतर तीनच वर्षांनी, १८८२ साली, हंटर आयोगापुढे जोतीरावांनी आपले निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, पण तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, आणि रयतेच्या मुलांना साधे प्राथमिक शिक्षणही मिळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. हायस्कूल कोणाचे हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

पारनेरच्या भूमीत जन्मलेल्या सेनापती बापटांचेच उदाहरण घ्या. १२ नोव्हेंबर १८८० हा त्यांचा जन्मदिवस. एवढ्या तल्लख मुलाला वरच्या शिक्षणासाठी गाव सोडावे लागले. पुढे ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाले आणि शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोस गेले. ते मुलगे होते आणि बुद्धीही असामान्य होती, म्हणून हे घडले. त्याच वर्षी पारनेरात जन्मलेल्या एखाद्या तेवढ्याच बुद्धिमान मुलीचे काय झाले असेल, याचा विचार आपण सहसा करीत नाही. तात्यांची थोरवी अशी की शिकून आल्यावर त्यांनी पारनेरात हाती झाडू घेऊन रस्ते झाडले, आणि १९१४ साली मुलाच्या बारशाला पहिली पंगत अस्पृश्य मानलेल्या बांधवांची बसविली. शिकलेल्या माणसाने गावाकडे कोणत्या तोंडाने परत यावे, याचा हा धडा होता.

रयतेची हायस्कुले

नगरास मिशनचे हायस्कूल होते, सोसायटीचे हायस्कूल होते, आणि त्यांतून नामवंत माणसे निघाली. परंतु खेड्यातील मुलाला तेथे जाऊन राहावयाचे तर खोली हवी, जेवणाची सोय हवी, फी हवी. कोणी नातेवाइकाकडे राही, कोणी वार लावून जेवी. मुलगी वार लावून जेवणार नव्हती. तेव्हा नगरच्या हायस्कुलांची ख्याती कितीही असली, तरी आमच्या आयांच्या दृष्टीने ती चंद्रावर असल्यासारखीच होती.

हे चित्र पालटले ते दोन प्रकारच्या प्रयत्नांनी. १९१८ साली नगरात जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाज निघाला, आणि त्या संस्थेचे महाविद्यालय पुढे आपल्या पारनेरासही आले. दुसरा प्रयत्न सातारकडचा. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. त्यांनी प्रथम हायस्कूल काढले नाही, प्रथम वसतिगृह काढले. मुलाला राहावयास जागा आणि पोटाला भाकरी मिळाली तरच तो शिकेल, हे त्यांनी ओळखले होते. १९२४ साली साताऱ्यास निघालेल्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीस जेवत. ती पंगत चालविणाऱ्या लक्ष्मीबाईंचे नाव आपल्यासारख्या मंडळात तरी घेतलेच पाहिजे. धान्य संपले तेव्हा या माउलीने अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. शाळेच्या इमारतीवर देणगीदारांची नावे संगमरवरात कोरलेली असतात. लक्ष्मीबाईंचे सोने मात्र मुलांच्या पोटात गेले. १९४० साली साताऱ्यास संस्थेचे पहिले हायस्कूल निघाले, आणि स्वातंत्र्यानंतर गावोगावी शाखा झाल्या. आपल्या जिल्ह्यातही त्या पुष्कळ आहेत. ९ मे १९५९ रोजी कर्मवीर गेले, तेव्हा खेड्यातील हायस्कूल ही नवलाची गोष्ट राहिली नव्हती.

अशा हायस्कुलाची घडण कशी होई, ते आजच्या मुलींना ठाऊक नसेल. आधी गाव जागा देई. कोणी दगड आणी, कोणी लाकूड देई, लोक श्रमदान करीत. संस्था शिक्षक धाडी. एखाद्या देवळात नाहीतर धर्मशाळेत आठवीचा वर्ग भरे. दरवर्षी एकेक इयत्ता वाढे. मग सरकारी मान्यता येई, आणि मान्यतेमागून अनुदान. म्हणजे प्राथमिक शाळा लोकल बोर्डाची, आणि १९६२ पासून जिल्हा परिषदेची. पण हायस्कूल बहुधा संस्थेचे आणि त्याचा खर्च सरकारचा, अशी ही जोडव्यवस्था. आजही आपल्या भागात हायस्कूल म्हणजे बहुतेक ठिकाणी हेच.

अक्का आणि मी

हा फरक पुस्तकातून शिकण्याची मला गरज पडली नाही. तो आमच्या घरातच होता.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. १९५६ साली ती सातवी झाली. गणितात ती दादापेक्षा सरस होती, हे दादाही मान्य करी. पण सातवीनंतर हायस्कूल म्हणजे गाव सोडणे. दादाला नगरास बोर्डिंगात ठेविले. अक्काचे दप्तर माळ्यावर गेले आणि दोन वर्षांनी तिचे लग्न झाले. यात कोणी दुष्टपणा केला असे नव्हे. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. ते म्हणत, "पोर हुशार आहे, मला का कळत नाही? पण पोरीला एकटी नगरला ठेवू कुठं?" त्यांच्या प्रश्नाला त्या वेळी उत्तर नव्हते.

माझी वेळ आली १९६४ साली. मधल्या काळात शेजारच्या मोठ्या गावी, आमच्यापासून दोन मैलांवर, एका संस्थेने हायस्कूल काढले होते. नाना तरीही मनातून तयार नव्हते. अक्का माहेरपणाला आलेली होती. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "नाना, माझं झालं ते झालं. आता शाळा दारात आलीय. हिला थांबवू नका." नाना काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी ते तलाठ्याकडे जाऊन उत्पन्नाचा दाखला घेऊन आले. वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातील मुलांना तेव्हा ई. बी. सी. ची फी माफी होती. ती सवलत नसती तर दोन मैलांवरची शाळाही मला दूरच राहिली असती.

वर्गात आम्ही मुली तीन. वर्ग भरे धर्मशाळेत. मुलींसाठी आडोसा असा काही नव्हता, म्हणून आम्ही सकाळपासून पाणी पीत नसू. इंग्रजीची ए बी सी डी आठवीत. शास्त्राच्या प्रयोगाला सामान नसल्यामुळे गुरुजी फळ्यावर परीक्षानळी काढीत आणि तिच्यात रंगीत खडूने रंग भरीत. मुख्याध्यापक सातारकडचे होते, एकटे राहात आणि स्वतः स्वयंपाक करीत. तिघींपैकी एखादी चार दिवस दिसली नाही की संध्याकाळी ते तिच्या घरी हजर. "पोरगी आजारी आहे की लग्न ठरवताय?" असे सरळ विचारीत. एका मुलीचे ठरत आलेले लग्न त्यांनी दोन वर्षे पुढे ढकलायला लावले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

२८ नोव्हेंबर १९६७ रोजी सेनापती बापट वारले, तेव्हा मी अकरावीत होते. प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापकांनी त्यांची हकीकत सांगितली आणि शेवटी एवढेच म्हणाले, "त्यांना शिकण्यासाठी तालुका सोडावा लागला. तुम्हांला सोडावा लागला नाही, हे विसरू नका."

१९६८ च्या मार्चमध्ये आम्ही एस. एस. सी. ला बसलो. निकाल लागला तेव्हा वर्गातील निम्मी मुले नापास होती. मी काठावर पास झाले. आजच्या मापाने मोजले तर ती शाळा अगदी टाकाऊ ठरेल. परंतु त्या काठावरच्या पासावर मी अध्यापनाचे शिक्षण घेतले, शिक्षिका झाले, आणि २००९ साली निवृत्त होईपर्यंत शेकडो मुलांना वाचावयास शिकविले. अक्काचे गुण माझ्यापेक्षा चांगले होते. तिला ती टाकाऊ शाळासुद्धा मिळाली नाही, एवढाच आम्हां दोघींत फरक.

एका तालुक्यात दोन तऱ्हा

आता अलीकडचा काळ पाहू. राळेगणसिद्धीचे नाव पाणी आणि ग्रामसुधारणा यांमुळे देशभर झाले. पण तेथील शाळेचा इतिहास आपण भगिनींनी मुद्दाम वाचावा असा आहे. त्या गावात पहिली प्राथमिक शाळा झाली १९३२ साली, एका खोलीची. १९६२ साली गावकऱ्यांनी श्रमदानाने खोल्या वाढविल्या. १९७१ साली गावची वस्ती सुमारे बाराशे होती. त्यांत वाचता येणारे पुरुष २९० आणि स्त्रिया अवघ्या ७२. पुढे शिकावयाचे तर मुलगे शिरूरला जात नाहीतर पारनेरला येत. मुली प्राथमिक शाळेपाशीच थांबत. म्हणजे १९५६ साली आमच्या घरात जे घडले, तेच पंधरा वर्षांनंतरही त्या गावात घरोघर घडत होते. अण्णा हजारे १९७५ साली गावी परतले. १९७६ साली तेथे बालवाडी निघाली आणि १९७९ साली हायस्कूल. संत यादवबाबांच्या नावाने शिक्षण प्रसारक मंडळ स्थापून गावानेच ते चालविले. पुढे वसतिगृहही झाले.

या शाळेची विशेष ख्याती झाली ती निराळ्याच कारणासाठी. इतर शाळांनी नापास म्हणून सोडून दिलेल्या, उनाड ठरलेल्या मुलांना येथे आधी प्रवेश. पहाटे उठणे, व्यायाम, श्रम आणि मग अभ्यास, अशी शिस्त. 'नापासांची शाळा' हे नाव त्या शाळेने कमीपणा न मानता मिरविले.

याच तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला जवाहर नवोदय विद्यालय आहे, आपल्या साऱ्या जिल्ह्यासाठी एकच. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाच्या काळात या विद्यालयांची योजना निघाली. पाचवीतील मुले परीक्षेस बसतात आणि त्यांतून निवडलेल्यांना सहावीत प्रवेश मिळतो. साधारणपणे एका विद्यालयात वर्षाला ८० मुले. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागाला आणि एकतृतीयांश मुलींना. राहणे, जेवण, पुस्तके यांचा भार आईबापांवर नाही.

एकाच तालुक्यात एक शाळा जिल्हा चाळून हुशार मुले घेते आणि दुसरी इतरांनी टाकलेली मुले घेते. यांतील कोणती चांगली? मला वाटते, हा प्रश्नच चुकीचा आहे. मजुराच्या घरी जन्मलेली तल्लख मुलगी नवोदयात गेली तर तिला जे मिळते, ते आमच्या अक्काला मिळाले असते तर तिचा जन्म पालटला असता. म्हणून परीक्षा घेऊन निवडणाऱ्या शाळेला मी नावे ठेवणार नाही. मात्र अशा शाळेचा निकाल आणि सर्वांना घेणाऱ्या शाळेचा निकाल एका तागडीत घालणे हा न्याय नव्हे. निवडक आंबे घेऊन अढी घालणारा आणि झाडाखालचे सर्व आंबे वेचणारा, यांच्या आढ्यांतून निघालेले आंबे सारखे कसे असतील?

माझी चूक

आता माझ्या चुकीची गोष्ट सांगते. वीस वर्षांपूर्वी ज्या माउलीने मला प्रश्न विचारला, तिच्या मुलीची बुद्धी मध्यम होती, हस्ताक्षर मात्र मोत्यासारखे. त्या दिवसांत एका हायस्कुलाचा मोठा बोलबाला होता. दरवर्षी जूनमध्ये रस्त्यावर फलक लागे: दहावीचा निकाल शंभर टक्के. शाळेचे नाव मी येथे सांगत नाही. एकाच शाळेचा तो दोष नव्हता, आणि फलकाला भुलणारी मीच होते. मी त्या माउलीला छातीठोकपणे सांगितले, "त्याच शाळेत घाल."

मुलगी आठवी झाली. नववीच्या अखेरीस शाळेने आईला बोलावून घेतले. "मुलगी कच्ची आहे, दहावीला टिकणार नाही. दाखला घेऊन जा. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा." ज्या बाईला घड्याळ नीट वाचता येत नव्हते, तिला १७ नंबरचा फॉर्म कोठला माहीत? तिने दाखला घेतला, ट्रंकेत ठेविला आणि मुलगी कांद्याच्या शेतात तिच्याबरोबर जाऊ लागली. दोन वर्षांनी लग्न. मला हे कळले तेव्हा लग्नाची पत्रिका हातात होती. त्या वर्षीही फलक लागला, शंभर टक्क्यांचा. फलक खोटा नव्हता. जी बसली ती सर्व पास झाली होती. जी बसू दिली नव्हती, त्यांची नावे फलकावर लिहिण्याची रीत नाही.

तीच मुलगी आज आपल्या शिवणवर्गात येते, आणि आता तिच्या मुलीसाठी मला विचारते. इतके होऊनही मलाच विचारते, हा तिचा मोठेपणा.

तुलना कशी करावी

मधल्या काळात सरकारने मुलींसाठी पुष्कळ केले. १९८५-८६ पासून मुलींना बारावीपर्यंत फी नाही. खेड्यातील मुलींना शाळेसाठी एस. टी. चा मोफत पास मिळतो, आणि त्या योजनेला आपल्याच जिल्ह्यातील चौंडीच्या लेकीचे, अहिल्याबाई होळकरांचे नाव आहे. २०१२ च्या कायद्यानंतर स्वतःच्या पैशावर चालणाऱ्या शाळाही वाढल्या, पिवळ्या गाड्या चौकात येऊ लागल्या. दादाच्या वेळी शाळा नव्हती ही अडचण होती. आज कोणती निवडावी ही अडचण आहे. अडचण सुखाची खरी, पण चुकले तर भोगावे लागते मुलीलाच.

म्हणून या खेपेस मी उत्तर दिले नाही. मी, ती भगिनी आणि मंडळातील आणखी एक जण, अशा तिघी जाऊन तीन शाळा पाहून आलो. निकालाचा फलक बाहेरूनच दिसत होता, तो विचारण्याची गरज नव्हती. आम्ही चार गोष्टी विचारल्या. आठवीच्या पटावर किती मुली होत्या आणि त्यांतल्या किती तुमच्याच शाळेतून दहावीला बसल्या? नववीत मागे पडलेल्या मुलीचे तुम्ही काय करता? शाळा सुटल्यावर आमच्या वाडीकडे जाणारी एस. टी. मिळते काय, आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी व पाणी आहे काय? चार दिवस मुलगी आली नाही तर घरी कोणी विचारावयास येते काय?

एका शाळेत आमचे बोलणे हसण्यावारी नेले. दुसरीत 'अर्ज करा' म्हणाले. तिसरीत एका बाईंनी कपाटातून हजेरीपट काढून आमच्यापुढे ठेविला आणि म्हणाल्या, "दोन मुली गळाल्या. एकीचं लग्न झालं, ते आम्हांला थांबवता आलं नाही. दुसरी ऊसतोडीला गेली, ती परत आली की घेणार आहोत." या शाळेचा निकाल शंभर टक्के नव्हता. बाहेर मोठा फलक नव्हता. पण दोन मुली गळाल्या हे ज्यांना नावानिशी ठाऊक होते, त्यांच्या हाती मुलगी द्यावी असे आम्हां तिघींनाही वाटले. भगिनीने मला विचारलेच नाही. तिने पिशवीतून दाखला काढला.

मुलगी आता त्या शाळेत जाते. तिचे पुढे काय होईल हे आज कोण सांगणार? पण नववीच्या अखेरीस तिच्या आईला एकटीला शाळेत जावे लागणार नाही, एवढे मात्र मंडळाने पाहावयाचे आहे.

अक्का आज ऐंशीच्या वर आहे. हा लेख लिहून झाल्यावर मी तिला वाचून दाखविला. तिने मध्येच थांबवून विचारले, "१९७१ साली बहात्तर बाया म्हणतेस, आणि पुरुष किती?" मी म्हटले, दोनशे नव्वद. तिने बोटांवर काही मोजले आणि म्हणाली, "चारास एक." मी पुन्हा मोजून पाहिले. हिशेब बरोबर होता.

भगिनींनो, येत्या वर्षात आपल्यापैकी प्रत्येकीने आपल्या आळीतील अथवा वाडीवरील सातवी झालेली एक मुलगी हेरावी, आणि ती दहावीला बसेपर्यंत वर्षातून दोनदा तिच्या शाळेत जाऊन तिचे नाव पटावर आहे ना, एवढे विचारून यावे. यापेक्षा अधिक काही मागावयाचे नाही. एवढे झाले तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.